पोलीस ठाण्यातला भेदभाव: कार्यशाळा घ्यायच्या की ठाणे अंमलदाराचं टेबल बदलायचं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

२०२५ च्या सुरुवातीला बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी आदेश काढला की पोलिसांनी एकमेकांना आडनावाने हाक मारायची नाही, पहिल्या नावाने मारायची. पाठोपाठ टेबलावरच्या आणि गणवेशावरच्या पाट्यांवरूनही आडनावं गेली. 'गावात कोण कुणाचा हे पाटी वाचून कळतं होय?' असा शेरा तेव्हाही आला होता आणि तो खोटा नाही. तरी त्यात एक गोष्ट चर्चा करण्याजोगी आहे. पोलिसाच्या मनात काय आहे याच्या नादी न लागता, काम करताना त्याच्या डोळ्यासमोर काय असतं ते त्या आदेशाने बदललं. वर्तनविज्ञानाचा भर यावरच असतो.

आपला नेहमीचा उपाय म्हणजे संवेदनशीलता कार्यशाळा. जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवस, दोन वक्ते, चहा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. न्यूयॉर्क पोलिसांनी २०१८ मध्ये आपल्या दलाला सुप्त, म्हणजे नकळत मनात बसलेल्या, पूर्वग्रहाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. २०२० मध्ये त्याचं मूल्यमापन आलं. विषयाची माहिती वाढली होती, पण कुणाला अडवलं, कुणाला पकडलं यातल्या वांशिक तफावतीत दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही. २०१९ मध्ये अशा पूर्वग्रहावरचे ४९२ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यातही तेच दिसलं: चाचणीतला पूर्वग्रह थोडा हलतो, त्याने वागणं हलतंच असं नाही.

वंशाच्या जागी आपल्याकडे जात, धर्म आणि विमुक्त जमाती वाचा. कॉमन कॉज ही संस्था आणि सीएसडीएस हे संशोधन केंद्र यांच्या २०१९ च्या पाहणीत २१ राज्यांतल्या जवळपास १२,००० पोलिसांना प्रश्न विचारले होते. मुस्लिमांचा कल स्वभावतःच गुन्ह्याकडे असतो, असं कमी-अधिक प्रमाणात मानणारे त्यात साधारण निम्मे निघाले. हे मत एका दिवसाच्या भाषणाने जाणार नाही. पण मत आणि कृती यांच्या मध्ये एक कागद, एक रजिस्टर, एक सही असते, आणि ती बदलता येते.

माझ्या मते पहिली जागा ठाणे अंमलदाराचं टेबल, म्हणजे आलेल्याची तक्रार जिथे घेतली जाते ते. तिथे पहिला प्रश्न कोणता विचारला जातो यावर पुढचं बरंच ठरतं. 'नाव काय, गाव कोणतं, कोणाच्यातले' यापासून सुरुवात झाली की अंमलदाराच्या डोक्यात गोष्ट तयार होते, आणि मग समोरची बाई जे सांगते त्यातलं त्या गोष्टीत बसणारंच ऐकू येतं. म्हणून क्रम उलटा करा. टेबलाच्या काचेखाली पोलिसाच्या बाजूला तोंड करून एक कार्ड: काय झालं, कुठे, किती वाजता, कोणी केलं, इजा आहे का, आत्ता धोका आहे का. या सहा प्रश्नांची उत्तरं लिहून झाल्यावरच नाव, वय, पत्ता. त्याच कार्डाच्या खाली लाल चौकटीत तीन वाक्यं जी बोलायचीच नाहीत: 'एवढ्या रात्री तिथं कशाला गेला होता?', 'घरच्यांना विचारून आलात का?', 'तुमच्याकडे हे चालतंच की.' तिसरं वाक्य पारधी वस्तीपासून भोकरच्या तांड्यापर्यंत सगळीकडे चालतं.

दुसरी गोष्ट, नकार महाग करा. आज तक्रार न घेणं फुकट आहे, घेणं महाग आहे. घेतली तर तपास, कागद, आरोपीच्या माणसाचा फोन. न घेतली तर काही नाही, बाई उठून जाते. म्हणून नकाराची पावती: आल्याची वेळ, निर्णयाची वेळ, नकाराचं कारण, स्टेशन डायरी क्रमांक, अंमलदाराचा बक्कल नंबर, प्रभारीची सही. तीन प्रती, त्यातली एक फिर्यादीला. गुन्हा नोंदवायला अंमलदाराला कुणाला विचारावं लागू नये, न नोंदवायला मात्र प्रभारीकडे जावं लागावं. झुकाव उलटा केला, बस्स.

कायद्याचं_बोला

सहा प्रश्नांचा क्रम पटला, पण 'जात शेवटी' याचं 'जात नाहीच' होऊ देऊ नका. उत्तर प्रदेशात सप्टेंबर २०२५ मध्ये पोलीस कागदपत्रांतून जात काढायचा आदेश निघाला, तिथेही ॲट्रॉसिटीचे गुन्हे वगळावे लागले. जात विचारलीच नाही तर ॲट्रॉसिटीची कलमं सुटतात. मग महिन्याभराने कलमवाढ होते, तोवर तपास हवालदाराकडे राहिलेला असतो, आणि ॲट्रॉसिटी नियमांतल्या नियम ७ प्रमाणे तो उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असल्याने बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. कार्डाच्या शेवटी ठरलेला प्रश्न छापा: 'जातीवरून काही बोलले का? नेमके शब्द काय? तेव्हा तिथे आणखी कोण होतं?' तिसरा भाग विसरू नका. शिवीगाळीच्या कलमात ती लोकांच्या नजरेसमोर झाली का, यावर खटला टिकतो किंवा पडतो.

नकाराच्या पावतीला कायद्याचा आधार भक्कम आहे. ललिता कुमारी निकाल (२०१३) सांगतो की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर नोंद बंधनकारक. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये एक फट आहे: तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ही फट 'अर्ज चौकशीवर ठेवला' या जुन्या सवयीचं नवं नाव होऊ शकते. पावतीवर 'प्राथमिक चौकशी' हे कारण असेल तर परवानगीचा जावक क्रमांक आणि १४ वा दिवस कोणत्या तारखेला येतो, हे दोन्ही रकाने सक्तीचे हवेत. ॲट्रॉसिटीत तर हा पर्यायच छापू नका. २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८-अ प्रमाणे तिथे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही.

पावतीच्या मागच्या बाजूला पुढची पायरी छापावी: १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना लेखी आणि टपालाने कळवा, तिथेही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. पत्त्यासकट. 'वर तक्रार करा' म्हटल्याने कुणी जात नाही. पत्ता हातात असला की निदान काहीजण जातात.

आणि वाचून दाखवणं. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये सही घेण्याआधी माहिती वाचून दाखवणं हे लोकसेवकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, मुद्दाम टाळलं तर सहा महिने ते एक वर्ष शिक्षा. सहीच्या वरच वेगळी ओळ ठेवा: 'वाचून दाखवले, वेळ __'. वेळ लिहावी लागली की माणूस वाचायला बसतो.

मोंढा_नाका

समदं ठीक ए. पण पावती कोण देणार? अंमलदार म्हणल, 'बाई, लिहून द्या की मला तक्रार करायची न्हाई.' बाई अंगठा उठवती. पावती बी वाचली अन् गुन्हा बी.

सखी_अंबाजोगाई

मोंढा दादा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. 'माझी काही तक्रार नाही' या जबाबाचे साचे कित्येक ठाण्यांत तयार असतात, फक्त नाव भरायचं. यावर उपाय दोन. एक, असा जबाब नकारच समजायचा आणि पावती-पुस्तकात चढवायचा. दोन, ४८ तासांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून फोन. सगळ्यांना शक्य नाही, आठवड्याला पाच नावं चिठ्ठ्या टाकून काढा. फोन बाईमाणसानेच करावा आणि फक्त दोन गोष्टी विचाराव्यात: तुम्ही काय सांगायला गेला होता, आणि सही कशावर केली? नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा नंबर लिहिलेला असेल तर फोन निरुपयोगी आहे, उलट मार बसेल. म्हणून पावतीवर 'बोलायला सुरक्षित नंबर आणि वेळ' असा रकाना. नसेल तर आशाताई किंवा अंगणवाडीताईंमार्फत निरोप, तोही 'पोलिसांचा' म्हणून नाही.

महिला साहाय्य कक्षाबद्दल. मध्य प्रदेशात १८० ठाण्यांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला, 'ऊर्जा' डेस्कचा, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. डेस्क म्हणजे नुसती पाटी नव्हती. स्वतंत्र खोली, ठरलेली कार्यपद्धती, प्रशिक्षण आणि गावपातळीवर संपर्क असं सगळं मिळून होतं. महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि एफआयआरमधली वाढ मुख्यतः जिथे डेस्कवर महिला अधिकारी होत्या तिथे दिसली.

पण म्हणून तालुक्याला एक महिला ठाणं काढा, असा अर्थ काढू नका. हरियाणातल्या महिला पोलीस ठाण्यांवरच्या २०२० च्या अभ्यासात उलटं घडलेलं दिसतं. नेहमीच्या ठाण्यांनी 'तिकडे जा' म्हणून बायकांची प्रकरणं टोलवायला सुरुवात केली. पाटोद्याहून बीडला जायला एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाते. टोलवणं म्हणजे तिथे नकारच. डेस्क त्याच ठाण्यात हवा, आणि डेस्कवरच्या बाईला गुन्हा नोंदवायचा अधिकार हवा. नाहीतर तो समुपदेशनाचा आणि तडजोडीचा कोपरा होतो.

एक बारीक गोष्ट. आयपीसीच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या ६४ ते ७१, ७४ ते ७९ आणि १२४ या कलमांत महिलेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असं बंधन आहे. कलम ८५, म्हणजे सासरचा छळ, या यादीत नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रकार तोच, आणि तो पुरुष अंमलदाराकडे जातो. अधीक्षक स्थायी आदेशाने हे बंधन ८५ ला लावू शकतात. एका ओळीचं काम आहे.

हजेरी_मेजर

सगळे सल्ले अंमलदाराच्या टेबलावर येऊन पडतायत. त्याच २०१९ च्या पाहणीत पोलिसांचा सरासरी दिवस १४ तासांचा निघालाय हे धागाकर्त्याने सोयीस्कर गाळलं. थकलेला माणूस विचार करत नाही, ठोकताळ्याने चालतो, हे तुमचंच शास्त्र सांगतं ना? मग एक नवं पुस्तक आलं की जुनी दोन बंद करा. कार्ड सहा प्रश्नांचं आहे, ते चालेल. बारा झालं की काचेखालीच राहणार.

आता खात्याच्या आतली गोष्ट, जिच्यावर कुणी बोललं नाही. भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. ठाण्यात आल्यावर त्यांच्या वाट्याला काय येतं ते ड्युटी रजिस्टर उघडून पाहा: सीसीटीएनएस (गुन्ह्यांची संगणकावरची नोंद), वायरलेस, महिला डेस्क, जत्रेचा बंदोबस्त. बीट नाही, डीबी (गुन्हे शोध) पथक नाही, तपास नाही. हजेरी मेजर दुष्ट असतो म्हणून हे होत नाही. त्याला सकाळी अर्ध्या तासात पस्तीस नावं बसवायची असतात, तो कालचीच यादी आज फिरवतो. तीन वर्षांनी बढतीच्या वेळी त्याच मुलीला 'तपासाचा अनुभव नाही' हा शेरा मिळतो.

करायचं एवढंच: दर तीन महिन्यांनी एका पानाचा तक्ता. उभ्या ओळीत कर्मचारी, आडव्या ओळीत कामाचे सहा प्रकार, चौकोनात ते काम किती दिवस मिळालं तो आकडा. मासिक गुन्हे बैठकीत अधीक्षकांच्या टेबलावर. आणि तपासाच्या कामात नाव टाकण्यासाठी बाईने 'इच्छुक' अर्ज द्यायचा नाही. नाव आपोआप यादीत असेल, नको असेल तर तिने लेखी कळवायचं. इच्छुक अर्ज मागितले की 'लय हौस आलीय' म्हणून टोमणा बसतो आणि कुणी देत नाही.

बंदोबस्ताला फिरतं शौचालय नसेल तर महिला कर्मचाऱ्यांनी पाणी न पिता आठ तास काढायचे, हे 'सवय होते' म्हणून चालवून घेतलं जातं. बंदोबस्ताच्या आराखड्यात गाड्या आणि बॅरिकेडच्या खालीच ती ओळ छापून टाका. रिकामी राहिली तर आराखडा मंजूर नाही.

अंतर्गत तक्रार समितीचं: २०१३ चा कायदा पोलीस खात्यालाही लागू आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, कारण असेल तर आणखी तीन महिने मुदत, ९० दिवसांत चौकशी. अडचण कायद्याची नाही. समितीत बसणाऱ्या बाई त्याच साहेबांच्या हाताखाली असतात. बाहेरची सदस्य शेजारच्या जिल्ह्यातली घ्या.

आकडेमोड_नांदेड

मेजर, थकव्याचा मुद्दा बरोबर, पण त्यावरही पुरावा बघू. राजस्थानात २००५ ते २००८ दरम्यान ११ जिल्ह्यांतल्या १६२ ठाण्यांवर प्रयोग झाला होता: साप्ताहिक सुट्टी, ड्युटीची फिरवाफिरव, ठाण्यात बसून कामकाज पाहणारा गावचा माणूस, बदल्या थांबवणं, प्रशिक्षण. पहिले तीन उपाय फसले, कारण ठाणेदारांनी ते नीट राबवलेच नाहीत. जे ठाणेदाराच्या मर्जीवर अवलंबून नव्हतं, म्हणजे बदल्या थांबवणं आणि कौशल्याचं प्रशिक्षण, तेच टिकलं. तुमच्या तक्त्यालाही हाच धोका आहे. तो ठाण्यात भरू नका, मुख्यालयातल्या माणसाने रजिस्टरवरून भरावा.

नाकाबंदी आणि कोम्बिंग (वस्तीची झडती) याबद्दल दोन शब्द. अमेरिकेत ओकलंड पोलिसांनी मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट यांच्या सल्ल्याने अडवणुकीच्या फॉर्मवर एकच प्रश्न वाढवला: ही अडवणूक ठोस माहितीवर आधारित आहे का, हो की नाही? २०१७ मध्ये सुमारे ३२,००० अडवणुका होत्या, २०१८ मध्ये सुमारे १९,०००. कृष्णवर्णीयांच्या अडवणुकीत ४३ टक्के घट. तुलनेसाठी प्रश्न नसलेला गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय प्रश्नाला देऊ नये. पण युक्ती स्वस्त आहे. प्रश्नामुळे माणूस क्षणभर थांबतो, इतकंच.

आपल्याकडे नुसता हो-नाहीचा चौकोन ठेवलात तर आठवड्यात सगळीकडे 'हो' दिसेल. 'खबर' म्हणालात तर स्टेशन डायरीचा क्रमांक आणि वेळ लिहा, आणि ती वेळ अडवण्याच्या आधीची हवी. मागाहून नोंद टाकली की आधीच्या क्रमांकाशी वेळ जुळत नाही, लगेच दिसतं.

दुसरं माप: उचललेल्या शंभरात किती जणांविरुद्ध प्रत्यक्ष मुद्देमाल किंवा पुरावा मिळाला? हे समाजनिहाय काढा. पारधी वस्तीवरून उचललेल्यांत हे प्रमाण इतरांपेक्षा खूप कमी निघालं, तर त्यांना कमी संशयावर उचललं जातंय असा अंदाज करता येतो. पक्का पुरावा नाही, कारण गटागटातले सरासरी फरकही यात मिसळतात. प्रश्न विचारायला मात्र पुरेसं आहे.

कायद्याचं_बोला

याला जोडून सराईतांची यादी. विमुक्तांना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये गेला, पण यादीची सवय राहिली. अमानतुल्ला खान प्रकरणात (मे २०२४) सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटमध्ये (सराईतांच्या नोंदपत्रात) मागास जाती-जमाती, अल्पसंख्याक यांच्या नोंदी केवळ पूर्वग्रहातून होऊ नयेत आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांची ठरावीक काळाने तपासणी करावी असं सांगितलं. तुरुंगातल्या जातिभेदावरच्या ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात विमुक्तांच्या मनमानी अटकेबाबत पुन्हा बजावलं.

तपासणी करायची कशी? आडनाव, जात, वस्ती आणि वडिलांचं नाव झाकून फाईलचा गोषवारा करा: गुन्हे किती, शिक्षा किती, निर्दोष किती, शेवटचा गुन्हा कधी. दोन अधिकाऱ्यांनी वेगवेगळं ठरवायचं, ठेवायचं की काढायचं. मग कागद उघडायचे. एका बैठकीत वीसपेक्षा जास्त घेऊ नका, पुढे डोळे झाकून 'ठेवा' येतं. गोषवारा करणारा त्या ठाण्याचा नसावा. आणि 'संशयावरून ताब्यात घेतले' ही नोंद गुन्ह्यात मोजू नका, नाहीतर जितक्या वेळा विनाकारण उचललं तितका माणूस सराईत ठरतो.

मोंढा_नाका

परभणीचं डिसेंबर २०२४ बी बघा की. तिथं कार्ड न पावती, कायच उपयोगाचं नसतं.

गोदाकाठ

खरंय. कोठडीतला मृत्यू आणि वस्तीत घुसून मारहाण याला नजच्या, म्हणजे वागणं हळूच वळवण्याच्या, युक्त्या लावणं म्हणजे विषय हलका करणं. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी कोठडी मृत्यू प्रकरणात गुन्हा नोंदवण्यासाठी औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तिथे सीसीटीव्ही, बाहेरचा तपास आणि शिक्षा. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे चित्रण १८ महिने, किमान एक वर्ष तरी जपायचं असतं. 'हार्डडिस्क भरली' हे उत्तर चालू नये. मी वर जे लिहिलंय ते रोजच्या, न दिसणाऱ्या भेदभावासाठी आहे.

सखी_अंबाजोगाई

ऊसतोडीचा भाग राहिला. दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्यातून टोळ्या बाहेर पडतात. फडावर काही घडलं तर तिथलं ठाणं म्हणतं 'तुमच्या गावाकडे द्या', आणि मार्चनंतर इथलं ठाणं म्हणतं 'हद्द तिकडची'. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(१) मध्येच आहे की हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवायची. कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात एवढंच छापा: 'हद्द विचारू नका. शून्य क्रमांकाने नोंदवा.' वर्ग केलेल्या गुन्ह्याचा पुढचा क्रमांक फिर्यादीला कळवणं हे नोंदवणाऱ्या ठाण्याचं काम ठेवा. अर्धी प्रकरणं त्या दोन क्रमांकांच्या मध्ये हरवतात. आणि ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवायची असते (१९३(३)), तोपर्यंत मुक्काम बदललेला असतो, म्हणून मुकादमाचा नंबर घेऊ नका, तोच कित्येकदा आरोपी असतो.

भाषेचंही पाहा. गोरमाटी, पारधी, दखनी बोलणारी बाई जे सांगते त्याचं 'सदर इसमाने मजसोबत लगट केली' असं होतं. पुढे कोर्टात ती स्वतःचाच जबाब ओळखत नाही. तिचे शब्द अवतरणात जसेच्या तसे, खाली मराठी अर्थ.

हजेरी_मेजर

एक युक्ती ऐकून आहे, ती कुणी सांगेल का? पोलीस एकमेकांना घाबरून भेदभाव करतात, म्हणजे 'मी मऊ पडलो तर बाकीचे हसतील'.

आकडेमोड_नांदेड

सौदी अरेबियात यावर प्रयोग झालाय, २०२० मध्ये छापून आला. बायकोने बाहेर काम करावं याला बहुतेक नवऱ्यांची ना नव्हती, पण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांचा विरोध आहे. खरा आकडा सांगितल्यावर वागणं बदललं. ठाण्यात असं करता येईल: हजेरीला नाव नसलेल्या चिठ्ठ्या. पहिल्या चिठ्ठीवर 'महिला अंमलदाराने रात्रगस्तीचं नेतृत्व करावं का?' याचं स्वतःचं उत्तर, दुसरीवर 'दहापैकी किती जण हो म्हणतील?' मोजणी आधी एकट्या प्रभारीने करायची. स्वतःचं 'हो' जास्त आणि अंदाज कमी असेल तरच आकडा फळ्यावर लिहा. खरंच बहुमत 'नाही'चं निघालं तर आकडा सांगू नका, सांगितला की उरलेलेही तिकडे जातात. वीसपेक्षा कमी माणसांत करू नका, अक्षरावरून ओळख पटते. लिहायला लावू नका, छापील उत्तरावर फक्त खूण करायच्या चिठ्ठ्या वापरा.

आणि सुरू करण्याआधी अधीक्षकांकडून एक गोष्ट लेखी घ्या: पहिले सहा महिने गुन्ह्यांचा आकडा वाढेल आणि त्यासाठी गुन्हे बैठकीत कुणाला झापलं जाणार नाही. हे नसेल तर कार्ड, पावती, डेस्क सगळं पाण्यात. वाढलेल्या आकड्यावर झापणारा साहेब हाच नकाराचा मूळ कारखाना आहे. आलेल्या लोकांपैकी किती जणांची नोंद झाली आणि आल्यापासून नोंदीपर्यंत किती वेळ लागला, हे दोन आकडे बैठकीत वर ठेवा.

जिल्ह्यात साधारण पंचवीस-तीस ठाणी असतात. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांत आधी सुरू करा, उरलेल्यांत चार महिन्यांनी. एवढ्या कमी ठाण्यांत बारीक फरक दिसणार नाही, मागच्या दोन वर्षांचे मासिक आकडे सोबत ठेवा.

मोंढा_नाका

पावतीच्या तीन प्रती म्हणता, तिसरी कोणाकडं?

गोदाकाठ

पांढरी फिर्यादीला, पिवळी पुस्तकातच, गुलाबी दर सोमवारी टपालाने उपविभागीय कार्यालयात. पानांना छापील क्रमांक, पुस्तक पन्नास पावत्यांचं. रद्द झालेली पावतीही फाडायची नाही, तिन्ही प्रती जागेवर ठेवून आडवी रेघ आणि सही. सोमवारी गुलाबी प्रतींचे क्रमांक सलग आले नाहीत, की त्याच दिवशी ठाण्यात फोन.